गिअरचे दात मोजताना: टच-ट्रिगर की स्कॅनिंग?

अंधेरीच्या एमआयडीसीत गिअर कापणाऱ्यांना हा प्रश्न रोजचा: प्रोब (मोजणी यंत्राची स्पर्श करणारी काठी) दाताला टेकवून उचलायचा, की टेकवून तसाच फिरवायचा?

टच-ट्रिगर प्रोब एका स्पर्शात एकच बिंदू देतो. पिचसाठी, म्हणजे दातादातांमधलं अंतर मोजायला, तेवढं पुरतं, आणि प्रोबही स्वस्त. पण इनव्होल्यूट प्रोफाइल, म्हणजे दाताच्या बाजूचा वक्र आकार, तपासायचं तर आठ-दहा बिंदूंच्या मध्ये काय दडलंय ते कळत नाही. हॉबिंगच्या (दात कापण्याच्या) लाटा, टोकाजवळचा रिलीफ (मुद्दाम किंचित कमी केलेला भाग) हमखास निसटतो. बिंदू वाढवले, की वेळ वाढतो.

स्कॅनिंग प्रोब दातावरून सरकत शेकडो बिंदू गोळा करतो. प्रोफाइल आणि लीडसाठी (दाताच्या रुंदीभरची दिशा) मी ठामपणे याच्याच बाजूचा. मात्र वेग अति वाढवला, की प्रोबच्या टोकाचा रुबीचा गोळा पृष्ठभागावरून उडतो आणि ग्राफवर दातात नसलेल्या चुका उमटतात. म्हणून मास्टर गिअरवर (अचूक नमुना गिअरवर) आधी सावकाश, मग भरभर स्कॅन घ्यावा. ग्राफ जिथे वेगळे दिसू लागतात, त्याच्या अलीकडेच थांबावं.

आणि मुंबईचा उकाडा! मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. ३० अंशांवर १०० मिमी व्यासाचा पोलादी गिअर साधारण ११ मायक्रॉनने फुगतो. मशीनवरून उतरलेला गरम गिअर लगेच मोजायला घेतला, तर दोन्ही प्रोब सारखेच चुकतात.