गडद निळी शाई, लेजर पेपर आणि नळाचं पाणी

वकिलाला फाउंटन पेनात गडद निळीच शाई लागते, याचं कारण झेरॉक्स. काळ्या शाईची सही मशीनमधून निघाली की मूळ कुठली आणि नक्कल कुठली, हे ओळखायला कागद उजेडात धरावा लागतो. मग खिडकीपलीकडून विचारणा होते, "मॅडम, ही ओरिजिनल आहे ना?" रॉयल ब्लूने तो प्रश्न सुटतो, पण तिच्यात सही केली की खरेदीखत निबंधाच्या वहीसारखं दिसतं. म्हणून मधला सगळा गोतावळा, म्हणजे ब्लू-ब्लॅक, नेव्ही, मिडनाइट वगैरे. काउंटरवर ओळीने मांडल्या तर या बाटल्यांतली एक दुसरीपासून वेगळी सांगता येत नाही. फरक कळतो तो कागदावर.

आणि कागद कुठला, हे आधी सांगायला हवं. शाईची बहुतेक कौतुकं तोमोए रिव्हरसारख्या जपानी कागदावर लिहून झालेली असतात. त्या कागदावर कुठलीही शाई शहाणीच वागते. मी चिपळूणला दिवाणी कामं करते. माझ्या टेबलावर कोर्टाच्या कामाचा हिरवा लेजर पेपर, ७५ जीएसएमचा झेरॉक्सचा कागद आणि स्टँप पेपर. शंभरचा स्टँप गेल्यापासून निदान पाचशेचा घ्यावा लागतो, त्यामुळे त्यावर शाई फुटली तर जीवही तेवढाच तुटतो. जूनपासून हे तिन्ही कागद हवेतलं पाणी पिऊन मऊ पडतात. पेन सगळ्या शायांना एकच ठेवलं, पायलट मेट्रोपॉलिटन, मीडियम नीब, दर वेळी स्वच्छ धुऊन.

पार्कर क्विंकची ब्लू-ब्लॅक कुठेही मिळते, स्वस्त आहे आणि पेनाला तिचा काही त्रास नाही. तिचा रंग मात्र ब्लू-ब्लॅक म्हणावा असा राहत नाही, जुना होत जातो तसा हिरवटाकडे झुकतो. वॉटरमनची मिस्टीरियस ब्लू (पूर्वी हिलाच ब्लू-ब्लॅक म्हणत) त्याच वाटेने जाणारी, पण जास्त देखणी. बाटलीला पैलू पाडलेले आहेत, शाई तळाला गेली की ती कलती ठेवून पेन भरता येतं. कित्येक वर्षं कपाटात पडलेलं सासऱ्यांचं पेन पुन्हा चालू करायचं असेल तर मी आधी वॉटरमन भरते. या दोन्ही पाण्यात विरघळणाऱ्या साध्या रंगाच्या शाया, पाण्यापुढे टिकाव धरण्यासाठी केलेल्याच नाहीत. रोजच्या टिपणांना उत्तम.

पायलटच्या इरोशिझुकु मालिकेतल्या दोन शायांवर मात्र जीव जडतो. शिन-काई आणि त्सुकी-यो. शिन-काई ओली असताना चांगली निळी दिसते आणि वाळता वाळता तिच्यात करडेपणा उतरतो. आमच्या सिव्हिल जज्जांच्या आवाजासारखी आहे ती, मोठी नाही पण ऐकावी लागते. त्सुकी-योमध्ये मोरपंखी छटा आहे. जाड रेघ ओढली आणि कागद चांगला असला तर कडेला तांबूस चमक येते. पन्नास मिलीची बाटली जाड काचेची, तळाला खोलगट खळगा, शेवटचा थेंबही नीबपर्यंत पोचावा म्हणून. टेबलावर ठेवली की पक्षकार अत्तर समजून विचारतात.

पण ती तांबूस चमक येते शाई कागदाच्या वर बसून वाळली तरच. झेरॉक्सचा कागद शाई खाली ओढून घेतो, चमक राहतच नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी चार आकडी रक्कम मोजली तिच्यातली निम्मी गोष्ट आपल्या कागदावर दिसतच नाही. शिवाय दोघीही सढळ वाहणाऱ्या. पावसाळी लेजर पेपरवर त्सुकी-योला बारीक मिशा फुटल्या, म्हणजे अक्षराच्या कडेने शाई कागदाच्या धाग्यांत पसरली, आणि मागच्या बाजूला ठिपके उमटले. शिन-काई तुलनेने सभ्य राहिली. फाइन नीब लावलं तर दोन्हींचं वागणं बरंच सुधारतं.

आता पाणी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या माझ्या फायली त्यात गेल्या. कागद सुटे करून वाळत घातले तेव्हा जे दिसलं त्यावरून माझी शाईची आवड बदलली. लेझर प्रिंटरचं टायपिंग जसंच्या तसं, कारण टोनर म्हणजे वितळून कागदाला चिकटलेलं प्लास्टिक. बॉलपेनच्या खुणाही बऱ्याच शाबूत. गेली होती ती समासातली फाउंटन पेनची टिपणं. साक्षीदार उलटतपासात कुठे अडखळला, कुठल्या सर्व्हे नंबरवर बोट ठेवायचं, हे सगळं निळ्या ढगात. तेव्हापासून कुठलीही शाई घेतली की एक ओळ लिहायची, रात्रभर वाळू द्यायची आणि कागद नळाखाली धरायचा.

या परीक्षेत पायलटचीच साधी ब्लू-ब्लॅक इरोशिझुकुच्या पुढे निघून गेली. वरवरचा थोडा रंग सुटला, पण ओळ जागेवर, सही सहीसारखीच. ही शाई दिखाऊ नाही. बाटलीवर कुणी भाळणार नाही, रंगही सरळ, गंभीर निळा. तीस मिलीची छोटी बाटली मिळते आणि ३५० मिलीची मोठीही.

प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक ही वेगळ्याच जातीची. ही लोहयुक्त शाई, आणि तिची मूळ कृती आपल्या घराला अनोळखी नाही. बाळगुटीत उगाळतो त्या मायफळातलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. बाटलीत लोह विरघळलेल्या अवस्थेत असतं. कागदावर हवा लागली की ते बदलतं, काळं पडतं आणि धाग्यांत अडकून बसतं. तोवर लिहिलेलं दिसावं म्हणून त्यात निळा रंग घालतात. म्हणून लिहिताना ती अगदी सामान्य निळी वाटते, 'यासाठी का पैसे दिले' असं वाटण्याइतकी. दुसऱ्या दिवशी फाइल उघडावी, तर तीच ओळ गडद, करड्या निळ्या रंगाची. नळाखाली निळा भाग फिका झाला, गडद रेघ हलली नाही. हलक्या कागदावर हिला मिशाही फुटत नाहीत. ओलसर लेजर पेपरवर माझ्या अक्षराची कड सर्वांत स्वच्छ आली ती हिचीच. इंग्लंडात जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांना रजिस्ट्रार इंक म्हणून याच कुळातली शाई वर्षानुवर्षं वापरली गेली, ते उगाच नाही.

खोट एवढीच की ती आम्लधर्मी आहे आणि जरा कोरडी वाहते. कंजूष फीडच्या (नीबखालून शाई पुरवणाऱ्या भागाच्या) पेनात भरू नका, आणि पेन भरून मे महिन्याच्या सुट्टीवर जाऊ नका. जुन्या साध्या स्टीलच्या नीबला तर नकोच.

सेलरची सेई-बोकु पाण्याला सर्वांत खंबीर. ती रंगद्रव्याची शाई, अतिसूक्ष्म कण कागदाच्या धाग्यांत रुतून बसतात. नळाखाली काहीच झालं नाही. रंग मात्र धुरकट, आणि मला सहीला हवा तेवढा गडद नाही. शिवाय पेनात वाळली तर सोडवणं कष्टाचं. रोज लिहिणाऱ्यालाच परवडते.

गंमत म्हणजे मी जपानी शायांचं इतकं गुणगान करतेय आणि टेबलाच्या खणात अजून कॅमलची रॉयल ब्लू आहे. दांडेकरांनी १९३१ साली घोडा छाप शाईच्या पुडीपासून सुरू केलेला धंदा, आणि २०११ पासून तोही कोकुयोचा, म्हणजे जपानचाच. ती बाटली मी ज्युनिअरांना मसुदे खरडायला देते. मसुदा भिजला तर पुन्हा लिहायला लावते, अक्षर सुधारतं.

सध्या कोर्टाच्या पेनात प्लॅटिनम आणि घरच्या पेनात शिन-काई आहे. त्सुकी-यो दिवाळीच्या पत्रांपुरती बाहेर निघते. एक मात्र पाळा, प्लॅटिनमवरून सेई-बोकुवर किंवा उलट जाताना पेन साध्या पाण्याने निवळेपर्यंत धुवा. दोन्ही एकमेकींत मिसळल्या तर गाळ धरू शकतो, आणि फीडमधला गाळ काढणं म्हणजे वाटपाचा दावा, कधी संपेल सांगता येत नाही.