स्मार्ट स्विचचे अकरा महिने: दिवा ऐकत नाही तेव्हा आम्ही काय काय तपासलं

गेल्या दसऱ्याला आमच्या पुण्यातल्या जुन्या घरात पाच बोर्डांमागे वायफाय मॉड्यूल बसवून घेतली. भिंतीवरची बटणं जुनीच ठेवली. काडेपेटीएवढी डबी बोर्डाच्या आत मावते, मग तेच बटण हातानेही चालतं आणि मोबाइलवरूनही. हे हौसेपोटी केलं नाही. आईचे गुडघे दुखतात, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं आणि पॅसेजचं बटण तिच्या पलंगापासून नऊ पावलांवर आहे. तिच्या उशाशी एक जुना मोबाइल ठेवला, त्याच्या पडद्यावर एकच मोठं बटण: पॅसेज. ते दाबलं की दिवा लागला पाहिजे, एवढीच अपेक्षा होती. म्हणून हा अनुभव लिहिताना माझा सगळा जोर दिवा लागण्यावर आहे. ॲप किती देखणं आहे याने मला काही फरक पडत नाही.

पहिले दोन महिने सुरळीत गेले. मग एकेक बोर्ड गप्प बसू लागला. कंपनीच्या मदत केंद्राचं दर वेळी एकच उत्तर: रीसेट करा, पुन्हा जोडा. मी चार वेळा केलं आणि चारही वेळा आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. आता वाटतं, रीसेट हा शेवटचा उपाय असायला हवा होता. आधी बोर्डापाशी उभं राहून नीट ऐकायला हवं होतं.

ऐकायचं म्हणजे खरंच कान लावून. मोबाइलवरून बटण दाबलं की भिंतीत बारीक "टक" असा आवाज येतो, तो आतल्या रिलेचा, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या छोट्या स्विचचा. टक झालं आणि दिवा लागला नाही, तर वायफायचा काही संबंध नाही. बल्ब गेलाय, वायर सैल झालीय किंवा रिले खराब आहे. टक होत नाही, पण भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागतो, तर मॉड्यूल ठणठणीत आहे आणि निरोप तिथवर पोहोचत नाहीये. बटणानेही काहीच होत नसेल तर मॉड्यूलला वीजच मिळत नसण्याची शक्यता मोठी, आणि मग वायरमनला बोलवायचं. पाचही बोर्ड एकदम गेले तर बोर्ड उघडूच नका, आधी राउटर आणि इंटरनेट बघा.

आमच्या बेडरूमचा प्रकार दुसरा निघाला. ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो, तो उणे असतो. हॉलमध्ये -58, बेडरूममध्ये -82. साधारण -70 पर्यंत काम निभतं, -80 च्या खाली गेलं की कधी लागतो, कधी नाही. अंतर तर जेमतेम वीस फूट! बोर्ड उघडल्यावर कारण समोर आलं: भिंतीत पत्र्याची डबी, तिच्या तळाशी वायरींच्या गुंताळ्याखाली दाबून बसवलेलं मॉड्यूल. लोखंडाने तिन्ही-चारही बाजूंनी वेढल्यावर सिग्नल बाहेर पडणार फक्त समोरच्या प्लास्टिकच्या प्लेटमधून, आणि तिथेही वायरींचा गठ्ठा. मेन बंद करून, टेस्टर लावून खात्री करून, मॉड्यूल वायरींच्या पुढे प्लेटला लगटून घेतलं. राउटर टीव्हीमागच्या कपाटातून काढून माळ्याच्या कडेवर ठेवला. आकडा -66 वर आला. नवीन काही विकत आणावं लागलं नाही.

मार्चमध्ये इंटरनेटवाल्याने राउटर बदलून दिला आणि पाचही बोर्ड एका दमात गेले. ही अडचण तुमच्याकडेही येईल, म्हणून सविस्तर सांगतो. असली बहुतेक मॉड्यूल फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. नवा राउटर 2.4 आणि 5 दोन्ही एकाच नावाने दाखवत होता, शिवाय वायफायच्या सुरक्षेची पद्धत नुसती डब्ल्यूपीए३, जी माझ्या मॉड्यूलना कळत नव्हती. मी 2.4 चं नाव वेगळं केलं, सुरक्षा डब्ल्यूपीए२ वर आणली आणि नाव व पासवर्ड जुन्या राउटरचेच, अगदी अक्षर न् अक्षर तसेच दिले. दोन मिनिटांत सगळे बोर्ड आपोआप परत आले, एकही पुन्हा जोडावा लागला नाही. राउटर बदलण्याआधी जुनं नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवा.

गुरुवारी आमच्याकडे बऱ्याचदा देखभालीसाठी वीज जाते. परत आली की मॉड्यूल पाच सेकंदांत जागी होतात, राउटरला दोन मिनिटं लागतात. आमची दोन मॉड्यूल तेवढ्यात थकून शोध थांबवायची आणि शुक्रवार सकाळपर्यंत ऑफलाइन राहायची. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, प्रश्न मिटला. सोबत एक सेटिंग बघून घ्या: वीज आल्यावर दिवा कोणत्या स्थितीत यावा. "पूर्वी होता तसा" ठेवलं नाही तर रात्री तीनला घरभर उजेड होतो. आई दचकून उठली होती.

खरा घोर लावला तो जुलैने. रात्री-अपरात्री मेन बोर्डातला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, ज्याला सगळे ईएलसीबी म्हणतात, तो पडायचा आणि घर अंधारात. बहुतेकदा गिझर लावल्यावर. तीन दिवस आम्ही गिझरलाच दोष देत होतो. मग ओळखीच्या एका वयस्कर वायरमनना बोलावलं. त्यांनी गिझरकडे पाहिलंही नाही, विचारलं, "ही नवी डबी कुठे कुठे बसवलीय?" आणि पॅसेजचा बोर्ड उघडला. त्या बोर्डात सॉकेट नाही, नुसती दोन बटणं. जुन्या वायरिंगमध्ये अशा बोर्डात न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर, सहसा आणतच नाहीत, तो वरच्या वर दिव्याला जातो. मॉड्यूलला मात्र चोवीस तास न्यूट्रल लागतो. आधीच्या माणसाने काय केलं होतं? मॉड्यूलची न्यूट्रलसाठीची काळी वायर पत्र्याच्या डबीला लावलेल्या हिरव्या वायरीला पिळून जोडली होती आणि वर टेप. म्हणजे न्यूट्रलच्या जागी अर्थिंग. बाथरूमबाहेरच्या बोर्डातही तेच.

काम चालतं, म्हणून कुणाला कळत नाही. पण मॉड्यूलचा काही मिलिअँपिअर प्रवाह तेव्हापासून अर्थिंगमधून जात होता. घरातला आरसीसीबी सहसा 30 मिलिअँपिअरचा असतो आणि गळती 15 च्या वर गेली की कुठेही पडू शकतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या जुन्या गिझरची थोडी गळती त्यात मिळाली की झालं. यातली भयंकर गोष्ट वेगळीच आहे: ती हिरवी वायर मागे कुठे तुटली असती, तर मॉड्यूलमधून येणारी वीज त्याच अर्थिंगला जोडलेल्या गिझरच्या अंगावर आली असती. आई रोज तिथे ओल्या पायांनी उभी असते. हे ऐकून मला दोन रात्री झोप लागली नाही. तुमच्याकडे मॉड्यूल बसवली असतील तर सॉकेट नसलेले बोर्ड आजच वायरमनकडून उघडून घ्या आणि काळी वायर कुठे जाते ते स्वतः बघा.

त्यांनी शेजारच्या बोर्डातून पाइपमध्ये स्प्रिंग घालून पॅसेजपर्यंत खरा न्यूट्रल ओढला, दीड तास लागला. बाथरूमच्या बोर्डाचा पाइप सिमेंटने बुजलेला. तिथलं मॉड्यूल काढून साधं बटण ठेवलं. तेव्हापासून आरसीसीबी एकदाही पडलेला नाही.

हॉलमध्ये एक रिले चिकटला आहे. ॲपमध्ये दिवा बंद दिसतो, प्रत्यक्षात चालूच. मॉड्यूलच्या एकाच चॅनलवर, म्हणजे एकाच रिलेवर, सहा एलईडी पॅनल जोडली होती. सुरू होताना त्यांचा क्षणभराचा झटका मोठा असतो, त्याने आतले संपर्क वितळून जुळतात. आता तीन-तीन विभागली. गिझर या मॉड्यूलवर मुळीच घेऊ नका: 2000 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर, आणि रिले 10 चा.

पुन्हा घेईन का? घेईन, पण भिंतीवरचं खरं बटण जिवंत ठेवणारं आणि घरातल्या घरात चालणारं. माझ्या मॉड्यूलचा निरोप कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतो, त्यामुळे इंटरनेट गेलं की आईचा मोबाइल निरुपयोगी. 2022 मध्ये आलेल्या मॅटर या पद्धतीची मॉड्यूल घरच्या नेटवर्कवरच हुकूम घेतात, पुढची तीच बघतोय. तोवर पॅसेजचा दिवा रात्री अकरा ते सहा चालूच राहील असं वेळापत्रक लावलंय. ते मॉड्यूलमध्येच साठतं, इंटरनेट नसलं तरी चालतं. आईला आता मोबाइल शोधावा लागत नाही.

हॉलचं मॉड्यूल अजून बदलून मिळायचंय. वॉरंटी दसऱ्याला संपते, म्हणून बिलाचा फोटो आणि चिकटलेल्या रिलेचा व्हिडिओ आज सकाळीच पाठवला.