जॉनी कॅशचा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’: काही महिने लावून ऐकल्यानंतर

या अल्बममध्ये एक आवाज आहे आणि एक गिटार. बस्स. ड्रम नाहीत, बेस नाही, कोरस नाही, मागाहून चढवलेले ट्रॅक नाहीत, आवाजाला घुमारा दिलेला नाही. एप्रिल १९९४ मध्ये तो आला तेव्हा अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅश ६२ वर्षांचा होता. कोलंबिया कंपनीने त्याला १९८६ मध्येच सोडलं होतं आणि नंतरच्या मर्क्युरी कंपनीकडच्या अल्बमांकडे फारसं कुणी पाहिलं नव्हतं. रॅप आणि हेवी मेटलमध्ये नाव कमावलेल्या रिक रुबिन या निर्मात्याने त्याला लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घरच्या दिवाणखान्यात बसवलं आणि आवडतील ती गाणी गायला सांगितलं. काही रेकॉर्डिंग टेनेसीत हेंडरसनव्हिलला, कॅशच्या स्वतःच्या लाकडी केबिनमध्ये झालं. १३ गाणी, सुमारे ४२ मिनिटं. पुढच्या वर्षी समकालीन फोक अल्बमचं ग्रॅमी याच अल्बमला मिळालं.

ही पार्श्वभूमी सगळीकडे वाचायला मिळते. अल्बम रोजच्या ऐकण्यात कसा वागतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

पहिला मुद्दा व्हॉल्यूमचा. भरगच्च वाद्यमेळाचं गाणं कमी-जास्त आवाजात कसंही चालून जातं. इथे तसं होत नाही. समोरच्या खुर्चीत माणूस बसून गातोय, इतपतच आवाज ठेवायचा. त्याहून मोठा केला तर कॅशचा खर्ज छातीवर आदळतो आणि शब्द मागे पडतात. फार लहान केला तर गिटारच्या खालच्या तारा गायब होतात आणि नुसता खरखरीत आवाज उरतो. अंदाज घ्यायला ‘द बीस्ट इन मी’ लावावं. ओळ संपल्यावरचा श्वास सहज ऐकू आला, पण मुद्दाम जाणवला नाही, की आवाज बरोबर लागला समजा.

दुसरा मुद्दा खोलीचा, आणि आपल्याकडच्या घरांत तोच जास्त आड येतो. लादी, मोकळ्या भिंती, काचेच्या खिडक्या असलेल्या हॉलमध्ये टाळी वाजवून पाहा. मागून ‘टर्रर’ असा बारीक पडसाद आला तर तोच पडसाद कॅशच्या प्रत्येक शब्दावर बसणार. रेकॉर्डिंग इतकं कोरडं आहे की खोलीचा घुमारा त्यात मिसळून जात नाही, वेगळा ऐकू येतो. जाड पडदा, सतरंजी, स्पीकरच्या समोरच्या भिंतीला भरलेलं पुस्तकांचं कपाट, एवढ्याने बराच फरक पडतो. स्पीकर कोपऱ्यात असेल तर भिंतीपासून निदान अर्धा मीटर पुढे ओढा, कारण कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात. जागाच नसेल तर इक्वलायझरमध्ये १२० ते २०० हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबल खाली आणा. त्याखाली हात लावू नका. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि या अल्बमची अर्धी चाल तिच्यावरच आहे.

पंखाही बंद करावा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पंख्याची एकसुरी घरघर नेमकी श्वास आणि तारेवरची घासणी झाकून टाकते. उन्हाळ्यात ते शक्य नसेल तर कान झाकणारे हेडफोन बरे.

ब्लूटूथ स्पीकरचा ‘बास बूस्ट’ बंद. साउंडबारवरचा ‘सराउंड’ बंद, साधा स्टिरिओ ठेवा. नाहीतर समोर बसलेला गायक खोलीभर पसरतो. ‘डायलॉग’ किंवा ‘व्हॉइस’ मोडने शब्द स्पष्ट होतील असं वाटतं, प्रत्यक्षात ‘स’ आणि ‘ट’ टोचायला लागतात. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकूच नये. तिथे खालचे स्वर जवळजवळ नसतातच.

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) आधी बंद करावेत. आवाज समपातळीवर आणणारी सोय चालू असेल तर ‘लाउड’ निवडू नये, आणि गाणी सुटी न लावता पूर्ण अल्बम लावावा. कारण याच अल्बममध्ये आहे: ‘टेनेसी स्टड’ आणि शेवटचं ‘द मॅन हू कुडंट क्राय’ ही दोन गाणी लॉस एंजेलिसच्या व्हायपर रूम क्लबमध्ये श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाली आहेत. सुटी वाजली तर अनेक अ‍ॅप प्रत्येक गाण्याची पातळी स्वतंत्र ठरवतात, आणि घरगुती गाणी व क्लबमधली गाणी यांच्यातला मूळ फरक बिघडतो.

हीच दोन गाणी अल्बमची माझ्या मते कच्ची बाजू. गाणी वाईट नाहीत. ‘द मॅन हू कुडंट क्राय’ या लाउडन वेनराइट तिसरा याच्या गाण्यावर श्रोते योग्य जागी हसतात आणि कॅश त्यांना छान खेळवतो. पण आठ गाणी एका माणसाच्या अगदी जवळ बसून ऐकल्यावर ‘टेनेसी स्टड’ला एकदम गर्दीच्या आरोळ्या येतात आणि जमलेली बैठक मोडते. काही महिन्यांनंतरही ती जागा खटकतेच.

गिटारविषयी थोडं विस्ताराने. कॅशने इथे पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) वापरलेलाच नाही, सगळं अंगठ्याने वाजवलं आहे. खालच्या तारेवर एक ठोका, मग वरच्या तारांवर हलका फटकारा, हीच त्याची आयुष्यभराची चाल. १९५६ च्या ‘आय वॉक द लाइन’मध्ये ड्रम नव्हता म्हणून तो तारांखाली कागद खोचून स्नेअर ड्रमसारखा आवाज काढायचा, आणि जोडीला ल्यूथर पर्किन्सची गिटार व मार्शल ग्रँटचा बेस असायचा. इथे तिघांचं काम एकट्या अंगठ्यावर आलं आहे. म्हणून ठोका मऊ आहे आणि लय घड्याळासारखी नाही, ओळीला श्वास हवा असेल तिथे ती थांबते. गिटार शिकणाऱ्यांनी सोबत वाजवायचं तर मेट्रोनोम (ठरावीक ठोके देणारं यंत्र) लावू नये आणि पिकही घेऊ नये. पिकने तोच ठेका धारदार होतो आणि गाण्यावर कुरघोडी करतो.

क्रम अजिबात बदलू नये. मुखपृष्ठावर लांब काळ्या कोटातल्या कॅशसोबत दोन कुत्रे आहेत: एक काळा, पांढऱ्या पट्ट्याचा; दुसरा पांढरा, काळ्या पट्ट्याचा. त्यांना कॅश पाप आणि उद्धार म्हणायचा, आणि अल्बमचा विषयही तोच. सुरुवातीचं ‘डीलियाज गॉन’ खुन्याच्या तोंडून येतं. अमेरिकेतल्या सव्हाना, जॉर्जिया इथे १९०० च्या नाताळात डीलिया ग्रीन या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला गोळी घालून मारलं गेलं, त्यावरून ही लोकगीतं निघाली. कॅशने हे गाणं साठच्या दशकातही गायलं होतं, इथे ते जास्त क्रूर आहे. लहान मुलांसमोर लावू नये. पुढे टॉम वेट्सच्या ‘डाउन देअर बाय द ट्रेन’मध्ये लिंकनचा मारेकरी बूथ आणि येशूचा घात करणारा ज्यूडास यांनाही उद्धाराच्या गाडीत जागा आहे, आणि लगेच कॅशचं स्वतःचं ‘रिडेम्प्शन’ येतं. डीलियापासून इथवर सरळ ऐकल्याशिवाय त्या गाडीचं वजन कळत नाही.

मधल्या गाण्यांत ‘ड्राइव्ह ऑन’वर थांबावं. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकाचं हे गाणं कॅशने स्वतः लिहिलं, आणि त्यात एकही ओळ रडवी नाही. ‘थर्टीन’ मेटल गायक ग्लेन डॅन्झिगचं; कोऱ्या गिटारवर ते जुन्या तुरुंगगीतासारखं उभं राहतं. ‘द बीस्ट इन मी’ निक लोचं, तो कॅशच्या सावत्र मुलीचा पूर्वीचा नवरा. लेनर्ड कोहेनचं ‘बर्ड ऑन अ वायर’ मात्र पहिल्या दोन-तीन वेळा सपाट वाटेल. हळूहळू लक्षात येतं की कॅश ते गात कमी आणि कबूल जास्त करतोय. ‘ओ बरी मी नॉट’ आधीच्या काउबॉयच्या प्रार्थनेसकट लांबतं, आणि इंग्रजीचे ते हेल कानाला नवे असतील तर तिथे लक्ष उडतं.

सीडी की एलपी? सीडी. एलपीवर दोन ओळींमधल्या शांततेत प्रत्येक कण ‘टिक’ करतो, आणि या अल्बमात शांतता भरपूर आहे. एलपीच घ्यायची तर भोक मध्यावर आहे का ते आधी पाहा. जरा जरी सरकलेलं असेल तर लांब वाजणारी तार हेलकावते. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ चिरकत असेल तर सुई पुसा आणि तिच्यावरचं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर दिलं आहे तेवढंच आहे ना, हे छोट्या काट्यावर तपासा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, तेव्हा रेकॉर्ड उभ्या आणि हवेशीर ठेवाव्यात, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद करून नव्हे.

कॅशच्या ‘रिंग ऑफ फायर’ गाण्यातले ट्रम्पेट किंवा फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर झालेल्या त्याच्या मैफलीतला जल्लोष हवा असेल त्यांनी हा अल्बम घेऊ नये. त्यांच्यासाठी १९९६ चा ‘अनचेन्ड’ बरा, त्यात टॉम पेटी आणि त्याचा वाद्यवृंद साथीला आहे. आणि हाच एकटा आवाज आणखी हवा असेल तर कॅशच्या मृत्यूनंतर, २००३ मध्ये निघालेला ‘अनअर्थ्ड’ हा पाच सीडींचा संच शोधा. त्यातली पहिली सीडी त्याने एकट्याने गिटारवर गायलेल्या, तोवर बाहेर न आलेल्या गाण्यांची आहे.