सोलर झटका मशीन: दोन हंगाम वापरली, आता खोलून पाह्यली

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, जंगलाले लागूनच. रानडुकरं अन् रोही (नीलगाय) एका रात्रीत हरभऱ्याचं काय करतात ते ज्याचं गेलं त्यालेच माहीत, म्हणून मागच्या साली साडेपाच हजाराची झटका मशीन (वावराभोवतीच्या तारेत थांबून थांबून झटका सोडणारी) आणली, बॅटरी अन् सोलर प्लेट वेगळी. कंपनीचं नाव घेत नाही. पहिला हंगाम मस्त गेला, जागलीले जायचं कामच पडलं नाही. यंदा पावसाळ्यात मात्र टिकटिक चालू पण तारेत दम नाही, मंग डब्बा खोलला.

आतलं काम पाहून खरंच खुश झालो. बॅटरीचे १२ व्होल्ट एक मॉसफेट (झपाट्यानं चालू-बंद होणारा स्विच, नंबर आयआरएफझेड ४४, कोणत्याही टीव्हीवाल्याकडं भेटतो) अन् छोटा फेराइट ट्रान्सफॉर्मर मिळून वाढवतात आणि १५ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) भरतात, मीटरवर ३८० व्होल्ट दिसले, म्हणजे साधारण १ जूल (झटक्यातल्या ऊर्जेचं माप). मंग एससीआर (हाही एक स्विचच) एकदम उघडतो, बंधाऱ्याची पाटी काढली की पाणी सुटते ना तसं, अन् सगळं मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्ट होऊन तारेवर जाते. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत, अन् पुढचा सेकंदभर तार मोकळी. त्या मोकळ्या वेळात जनावर मागं सरकते. घरच्या लाइनचे २३० व्होल्ट तारेत सोडले तर हा सेकंद भेटतच नाही, स्नायू आकडतात अन् हात सुटत नाही. आपल्या इकडं माणसंही गेली त्याच्यानं अन् वाघही. कोणी किती सांगो, लाइन तारेत सोडू नका.

आता खोट सांगतो. वायर बाहेर येते त्या भोकाले रबरच नाही, मुंग्यायनं आत घर केलं होतं, बोर्डावर हिरवं चढलं अन् झटका तारेत जायच्या ऐवजी बोर्डावरूनच अर्थले (जमिनीत) उतरत होता. स्पिरिट अन् जुन्या ब्रशनं साफ केलं, वार्निश मारलं, भोक एम-सीलनं बुजवलं. अर्थच्या टर्मिनलचं सोल्डरिंगही सुटलं होतं. बॅटरीच्या वायरीत फ्यूज नाही, तो मी टाकला. डब्ब्यावर १२,००० व्होल्ट मोठ्या अक्षरात छापलं पण जूल किती ते कुठंच नाही, अन् तारेले गवत टेकलं की कामात येते ते जूलच, म्हणून दुकानात आधी तेच विचारा.

कोणी खोलणार असल तर बॅटरी काढल्यावरही कपॅसिटर भरलेलाच राह्यते, होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी टेकवून आधी तो खाली करा. अन् साधा मीटर तारेवर लावू नका, जळते. त्याले फेन्सिंगचा टेस्टर वेगळा भेटते.

५ पैकी साडेतीन देतो, एक पॉइंट नुसत्या त्या रबरासाठी कापला. ट्रान्सफॉर्मर पूर्ण एपॉक्सीत भरलेला आहे, ते काम पक्कं. परवा धुऱ्यावर परत लावली, टेस्टरचे पाचही लाइट लागून राह्यले.