बारशिंग्याच्या डिझाइनचं पॅकेज घेण्याआधी हे वाचा

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. घरच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर कॅनव्हासच्या पिशव्या, कुशन कव्हरं आणि डेनिम जॅकेटच्या पाठी करून विकते. गेल्या दिवाळीआधी एका डिझाइन विकणाऱ्याने मला १०,५०० रुपयांना फसवलं. माझ्यासारख्या घरी मशीन घेऊन बसलेल्या बऱ्याच जणी आहेत, म्हणून सगळं लिहितेय.

फुलं-वेली सगळेच करतात. प्रदर्शनात गिऱ्हाईक थांबतं ते मोठ्या, ठसठशीत प्राण्यापाशी. पिशवीभर पसरलेला वाघ, जाड काळी बाह्यरेषा, तीन-चारच भडक रंग, हे पलीकडच्या रांगेतून दिसतं. शिवाय दोऱ्याला अशी चित्रं मानवतात. अंगाचे टाके एका दिशेने आणि मानेचे दुसऱ्या दिशेने घातले की रेयॉनच्या दोऱ्यावर उजेड वेगवेगळा पडतो आणि प्राणी वळल्यासारखा वाटतो. पण हे सगळं पंचिंग करणाऱ्याच्या, म्हणजे चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवणाऱ्याच्या हातात असतं. चित्र कितीही सुंदर असो, टाका कुठून सुरू होईल, खाली अंडरले (आधाराचे टाके) किती, रंग कधी बदलेल, हे माणसाने बसून ठरवावं लागतं.

हा विक्रेता व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमधून आला. आधी त्याने एक हत्ती फुकट पाठवला. ११,००० टाके, एकदाही दोरा तुटला नाही, सोंडेची वळणं तर पाहत राहावीत अशी. माझा विश्वास बसला तो त्या हत्तीमुळे. मग ४० प्राण्यांचं पॅकेज ६,५०० रुपयांना, सोबत सोनेरी शिक्का असलेला ‘कमर्शियल लायसन्स’चा कागद. मला हवा होता त्यातला बारशिंगा. शिंगांचं झाड झालेलं, अंग बारीक नक्षीने भरलेलं, गोंड आदिवासींच्या चित्रांमध्ये असतं तसं. बारशिंगा आपल्या मध्य प्रदेशचा राज्यप्राणी, म्हटलं इथे चालेलच. चित्र कुणाचं म्हणून मी विचारलंही. उत्तर आलं, “दीदी, ये तो ट्रायबल आर्ट है, किसी एक की थोड़ी होती है.” मला ते पटलं. मी यूपीआयने पैसे पाठवून दिले, एका खासगी नंबरवर.

फाइल मशीनवर लावली आणि पहिल्या दहा मिनिटांतच दोरा तुटायला लागला. चित्र सॉफ्टवेअरमध्ये टाकून बटण दाबलेलं होतं, बाकी काही नाही. नक्षीतले ठिपके एक मिलिमीटरपेक्षाही लहान. ४० नंबरचा दोराच सुमारे ०.४ मिलिमीटर जागा घेतो, मग त्या ठिपक्यात टाका मावणार कसा? तिथे गाठ बसते, खाली बॉबिनपाशी गुंता होतो. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर उडी, पुन्हा कापणं, पुन्हा उडी. शिवाय डिझाइन माझ्या १३० × १८० मिलिमीटरच्या फ्रेमपेक्षा मोठं होतं.

मी तक्रार केली तर त्याने दुरुस्तीचे आणखी ४,००० मागितले. आधीचे बुडतील या भीतीने मी तेही दिले. ही माझी सगळ्यात मोठी चूक. त्याने फक्त डिझाइन आवळून लहान करून पाठवलं. टाके तेवढेच ठेवले, ४८,०००. मशीनला देतात त्या डीएसटी फाइलमध्ये आकार साठवलेले नसतात, नुसते सुईचे टाके असतात. ती जास्त आवळली की तेच टाके कमी जागेत कोंबले जातात. तिसऱ्या तासाला सुई मोडली आणि शिंगांपाशी कॅनव्हास फाटला. मी फोटो पाठवले. रात्रीपर्यंत त्याने मला ब्लॉक केलं होतं.

तेव्हाच सोडून द्यायला हवं होतं. पण दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉलचे पैसे भरून झाले होते. मी वेग कमी केला, अर्धे ठिपके काढून टाकले, कापडाखाली आधाराला जाड नॉनवोवन अस्तर लावलं आणि रात्री जागून तीन आठवड्यांत २६ पिशव्या काढल्या. सासूबाई शेजारी बसून उलट्या बाजूचे दोरे कापत होत्या.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी स्टॉलवर भोपाळहून आलेल्या एक बाई बराच वेळ ती पिशवी हातात धरून उभ्या राहिल्या. मग फोनवर त्यांनी एक चित्र दाखवलं. तोच बारशिंगा. खाली चित्रकार बाईंची सही. त्या म्हणाल्या, “अंगातली नक्षी बघा. प्रत्येक गोंड कलाकाराची भरण्याची पद्धत वेगळी असते. ती पाहून आम्ही कलाकार ओळखतो.” ज्या ठिपक्यांना मी तीन आठवडे शिव्या दिल्या, ती त्या चित्रकार बाईंच्या हाताची ओळख होती. आणि त्यातली अर्धी मी काढून टाकली होती.

‘ट्रायबल आर्ट कुणा एकाची नसते’ हे किती खोटं आहे ते मला त्यांनी सांगितलं. मध्य प्रदेशातल्या पाटनगढ गावची गोंड माणसं पूर्वी घराच्या भिंतींवर चित्रं काढत. कागदावर, कॅनव्हासवर ही चित्रं आली ती १९८०च्या दशकात, तिथलेच चित्रकार जनगढ सिंह श्याम भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आले तेव्हा. म्हणून तर या शैलीला ‘जनगढ कलम’ म्हणतात. म्हणजे ज्यांनी ही चित्रं काढली त्यांची नावं माहीत आहेत, त्यातले अनेक जण आज काम करताहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातभर आणि नंतर ६० वर्षं राहतो. त्या सोनेरी शिक्क्याच्या कागदावर चित्रकाराचं नावसुद्धा नव्हतं.

त्या बाईंनी फोन लावून दिला. चित्रकार बाईंनी कुणालाही परवानगी दिलेली नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, “कितने में बेच रहे हो?” मी म्हटलं, साडेसहाशेला. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मी २२ पिशव्या टेबलावरून काढल्या. विकल्या गेलेल्या चारांचे २,६०० रुपये त्यांना पाठवले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी तक्रार केली, पण पैसे जाऊन दीड महिना झाला होता, खातं रिकामं होतं. तुमच्या बाबतीत असं झालं तर त्याच तासाला फोन करा. पैसे पुढे काढून घेतले जाण्याआधी कळलं तर ते अडवता येतात.

आता मी डिझाइन घेताना चित्रकाराचं नाव लेखी मागते आणि स्वतः त्यांच्याशी बोलते. विक्रेत्याकडून मला हवं तेच डिझाइन, माझ्या मापात, प्रत्यक्ष कापडावर भरलेलं, उलट्या बाजूच्या फोटोसकट लागतं. फुकटच्या नमुन्यावरून बाकीचं ठरवत नाही. तो हत्ती दुसऱ्याच कुणीतरी जीव ओतून पंच केलेला असणार.

गेल्या आठवड्यात माझ्या नणंदेला वेगळ्या नंबरवरून तोच हत्ती आला. फोटोत फ्रेमच्या डाव्या बाजूला निळ्या दोऱ्याची अर्धी रीळ आणि मोडक्या मुठीची कात्री दिसते. तो फोटो तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका.