लिंका सुधारून देतो म्हणाले आणि ४७,२०० रुपये घेऊन गेले

ठाण्यात नौपाड्याला माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. वेबसाइटवरून ऑर्डरी कमीच यायच्या. वाशीच्या एका एजन्सीचा माणूस घरी आला. "ताई, तुमच्या पानापानांतल्या लिंकांचं अँकर टेक्स्ट, म्हणजे ज्यावर दाबायचं ते शब्दच चुकलेत. ते सुधारलं की तीन महिन्यांत गूगलवर पहिला नंबर, गॅरंटी." आधी २३,६०० रुपये, मग ११,८०० चे दोन हप्ते, जीएसटी धरून. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. ऐकलीत की दार लावा.

मला दुसऱ्याच आठवड्यात कळायला हवं होतं. चकलीच्या पानावर भाजणीचं वाक्य होतं, त्याच्या मधोमध 'ठाणे बेस्ट दिवाळी फराळ' घुसडलेलं. दाबलं तर होमपेज. फोन केला, तर म्हणे, "ते माणसांसाठी नसतं, गूगलसाठी असतं." आणि मी गप्प बसले! 'भाजणी' शब्दावर लिंक दिली तर भाजणीचंच पान उघडलं पाहिजे, एवढं मला समजत नव्हतं का? समजत होतं. पण दिवाळी तोंडावर, तळणीपाशी मी एकटी. जाणकार म्हणवणाऱ्यावर विश्वास टाकला, हा काय गुन्हा झाला?

नंतर भाचीने पान उघडून कंट्रोल-ए दाबलं. तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याच शब्दांच्या चाळीस लिंका! गूगलच्या नियमांत हा सरळ स्पॅम आहे. आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल फुकट मिळतं, हप्ता देण्याआधी त्यातला लिंकांचा अहवाल स्वतः बघा. बिलावरचा जीएसटी नंबरही पोर्टलवर तपासा. मी पैसे गेल्यावर तपासला, नोंदणी केव्हाच रद्द. म्हणजे कराचे ७,२०० सुद्धा त्यांच्याच खिशात.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत ना? दिवाणी बाब आहे." दुसऱ्या खेपेला म्हणाले, ऑफिस खाडीपलीकडे, तिकडे जा. तिकडे गेले, तर म्हणाले, तुम्ही ठाण्याच्या, ठाण्यात जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द न बघता दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यायला सांगितलंय. ते दाखवलं, तर "बाई, कायदा आम्हाला शिकवू नका." चार खेपा, चार दिवस दुकान बंद. साधी पोच दिली नाही. "लिंक म्हणजे ओटीपीवाली का?" असं विचारणाऱ्याला मी काय समजावणार होते?

आणि वेबसाइटच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाला देऊ नका, वेगळं खातं काढून द्या.

परवा शेजारच्या शिवणक्लासवाल्या वहिनींकडे तोच माणूस येऊन गेला. कंपनीचं नाव नवीन, गॅरंटी तीच.