मेलाटोनिन, चित्रतक्ता आणि झोपेची वही : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमचा मुलगा सात वर्षांचा असून त्याला स्वमग्नता आहे. रात्री ९ वाजता दिवा मालवला तरी त्याचा डोळा लागायला साडेअकरा वाजत, आणि दोनच्या सुमारास तो पुन्हा टक्क जागा होऊन पावले मोजत खोलीभर फिरत असे. स्वमग्न मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना झोपेच्या तक्रारी असतात हे ठाऊक होते, पण त्या माहितीने आमची रात्र काही सरत नव्हती.

औषध मागायला गेलो, तर डॉक्टरांनी आधी दोन आठवडे वही लिहायला सांगितली. मला ती सरळसरळ टाळाटाळ वाटली. दिवा मालवल्याची वेळ, झोप लागल्याची वेळ, मधली जाग, दुपारची डुलकी, पोट साफ झाले की नाही, असे रोज टिपत गेलो तेव्हा लक्षात आले की सव्वाअकराच्या आधी तो एकदाही झोपलेला नव्हता. म्हणजे दोन तासांहून अधिक वेळ आम्ही त्याला अंथरुणात जागे राहण्याचीच सवय लावत होतो. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून उलटा मार्ग धरला. त्याला सव्वाअकरालाच अंथरुणात न्यायचे, सकाळी साडेसहाला मात्र सुट्टीच्या दिवशीही उठवायचे, आणि झोप पटकन लागू लागली की वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची. पहिला आठवडा आम्हा दोघांचीच परीक्षा पाहणारा ठरला.

सोबत चित्रतक्ता होता: दात, शू, कपडे, पुस्तक, दिवा. एकेक काम झाले की तो ते चित्र चर्रकन ओढून काढतो आणि डब्यात टाकतो. एकदा पुस्तकाचे चित्र हरवले, तेव्हा पुस्तक वाचून झालेले असूनही तो दिव्यापाशी जाईना. शेवटी कागदावर वेडेवाकडे पुस्तक काढून चिकटवले, ते त्याने गंभीरपणे ओढून काढले आणि मगच दिवा मालवला.

झोप चांगली लागावी म्हणून वापरतात त्या वजनदार पांघरुणाबद्दल थोडक्यात सांगतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्याने झोप वाढली नव्हती, मुलांना ते आवडले मात्र होते. आमच्याकडेही नेमके तेच झाले.

मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचे शरीराला सांगणारे संप्रेरक, गोळीच्या रूपात तिसऱ्या महिन्यात आले. आधी वर्तनाचे उपाय, मग गरज पडल्यास हे औषध, हाच क्रम अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही आहे. १ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून डॉक्टरांनी पुढे २ मिलिग्रॅम केले. अंथरुणात जाण्याच्या पाऊण तास आधी गोळी दिली की वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागते. त्याआधी कोणाला न विचारता आम्ही मेलाटोनिनच्या चघळायच्या गोळ्या आणून पाहिल्या होत्या. एका रात्री गुण येई, दुसऱ्या रात्री काहीच नाही. पुढे वाचले की २०२३ साली अमेरिकेत तपासलेल्या अशा २५ उत्पादनांपैकी २२ मध्ये लेबलवरचे प्रमाण बरोबर नव्हते.

रात्री दोनला जाग येण्यावर मात्र गोळीचा काडीइतका परिणाम झाला नाही. साधे मेलाटोनिन काही तासांत शरीरातून निघून जाते, त्यामुळे ते झोप लावते, पण टिकवेलच असे नाही. मेलाटोनिन हळूहळू सोडणारी लहान गोळी युरोपात २०१८ पासून स्वमग्न मुलांसाठी मान्य आहे, परंतु ती न चावता गिळावी लागते आणि आमचा मुलगा प्रत्येक गोष्ट चावतो.

उत्तर मिळाले ते वहीतल्याच एका नोंदीतून. त्याच्या आईने तीन रात्री लिहिले होते, ‘टाचा चादरीवर घासत होता.’ ते वाचून डॉक्टरांनी रक्तातले फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासायला सांगितले, आणि ते बरेच कमी निघाले. लोह कमी असले की पायांना अस्वस्थ वाटून झोप मोडू शकते, आणि हे मूल ते शब्दांत सांगू शकत नव्हते. लोहाच्या औषधाने आधी बद्धकोष्ठता झाली, तिच्यामुळे चार रात्री आणखी वाईट गेल्या. मात्रा बदलल्यावर ती सुटली. आठवड्यात पाच-सहा रात्री येणारी जाग तीन महिन्यांनी एक-दोन रात्रींवर आली.

आता तो साडेनऊला अंथरुणात जातो. प्रवास किंवा ताप आला की घडी मोडते, तेव्हा वेळ पुन्हा पुढे ढकलून सुरुवात करावी लागते. मेलाटोनिन कमी करण्याचा एक प्रयत्न गेल्या महिन्यात झाला; तिसऱ्या रात्री साडेदहा वाजले, म्हणून तूर्त २ मिलिग्रॅमवरच आहोत. पुढच्या प्रयत्नाआधी फेरिटिन पुन्हा तपासायचे आहे.